कोडं: दोन माणसं, एक होडी आणि न सांगितलेली अट

पाऊलवाट

कोडं जुनं आणि छोटं आहे. ज्यांना उत्तर आधीपासून ठाऊक आहे त्यांनी थोडा वेळ कळ काढावी ही विनंती.

दोन माणसं एका नदीवर आली. दोघांनाही नदी ओलांडायची होती. तिथे होडी एकच होती आणि तिच्यात एका वेळी एकच माणूस मावत होता. पोहता दोघांनाही येत नव्हतं. पूल नव्हता, दोरी नव्हती, मदतीला तिसरं कुणी नव्हतं. तरीही दोघं त्याच होडीतून नदी ओलांडून आपापल्या वाटेला लागले. कसे?

प्रश्न खुशाल विचारा. मी फक्त "हो", "नाही" किंवा "त्याने फरक पडत नाही" एवढंच सांगेन. मला उत्तराइतकीच उत्सुकता आहे ती कुठल्या प्रश्नाने कोडं सुटतं याची.

काजवा

पहिला पलीकडे गेला आणि त्याने होडी प्रवाहात अशी सोडली की ती वाहत परत अलीकडच्या काठाला लागली?

पाऊलवाट

नाही.

अर्धविराम

नदी गोठलेली होती का? किंवा एवढी उथळ की चालत जाता येईल?

पाऊलवाट

दोन्ही नाही. नदी खोल आहे, वाहती आहे, आणि दोघंही होडीत बसूनच गेले.

सांजवेळ

दोघांपैकी एक लहान मूल होतं? म्हणजे एका मोठ्या माणसाच्या जागेत दोघं मावले असं काही?

पाऊलवाट

नाही. होडीत कोणत्याही क्षणी एकच जण होता.

काजवा

मग पहिल्याने वल्हं जोरात मारून होडी परत ढकलली असणार. किंवा वाऱ्याची दिशा तशी होती.

पाऊलवाट

नाही. वाऱ्याने फरक पडत नाही.

उंबरठा

आपण सगळे होडी परत कशी आली याच्याच मागे लागलोय. आधी हे सांगा, पहिल्या काठावर होडी परत आली का?

पाऊलवाट

हो.

उंबरठा

रिकामी?

पाऊलवाट

नाही.

अर्धविराम

रिकामी नाही? आणि तिसरं कुणी नाही म्हणता! मग पहिलाच परत आला आणि पुन्हा गेला?

पाऊलवाट

नाही. दोघांनीही नदी एकेकदाच ओलांडली.

भूमितीवेडी

मग उत्तर एकच उरतं. होडी माणसाला घेऊन परत आली, तो पहिला नव्हता आणि तिसरा कुणी नाही, म्हणजे तो दुसरा होता. दुसरा माणूस पलीकडच्या काठावरून अलीकडे आला. दोघं समोरासमोरच्या काठांवर होते. पहिला होडी घेऊन गेला, उतरला, दुसरा त्याच होडीत बसून इकडे आला.

पाऊलवाट

बरोबर! दोघं एकाच काठावर होते असं कोड्यात कुठेच म्हटलेलं नाही. ते आपण स्वतःच मनात भरलं.

माझ्या मते कोडं भूमितीवेडींनी सोडवलं, पण फोडलं ते उंबरठा यांच्या "रिकामी?" या प्रश्नाने. त्याआधीचे सगळे प्रश्न एखादी युक्ती मनात धरून "हो" ऐकण्यासाठी विचारलेले होते: वारा, प्रवाह, गोठलेलं पाणी. त्यांना "नाही" मिळालं तर फक्त ती एक युक्ती बाद होते, बाकीचं चित्र जसंच्या तसं राहतं. "रिकामी?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना इतकं उघड वाटत होतं की तो विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. आणि नेमकं तिथेच "नाही" आलं.

खडूफळा

पाऊलवाट, तुम्ही म्हणता ते पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एका प्रयोगात दाखवलं होतं. तो लोकांना तीन आकडे द्यायचा: २, ४, ६. सांगायचा की हे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, मी ती बसतात की नाही सांगेन, आणि खात्री झाली की नियम सांगा. लोक ८, १०, १२ म्हणत, २०, २२, २४ म्हणत. दर वेळी "बसतं" असं उत्तर मिळे. मग ते ठामपणे सांगत की नियम दोन-दोनने वाढणाऱ्या आकड्यांचा आहे. खरा नियम फक्त "चढत्या क्रमाने तीन आकडे" एवढाच होता. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं, आणि आपली समजूत खोटी ठरवू शकेल असं त्रिकुट मुद्दाम विचारून बघणारे थोडेच निघाले.

वर्गात हे मी करून घेतो. "नाही" ऐकणं म्हणजे हरणं असं मुलांना वाटतं, म्हणून ती सुरक्षित प्रश्न विचारतात. कोड्यात मात्र "नाही"मधून मिळणारी माहिती बरेचदा जास्त मोलाची असते, आणि हे मुलांच्या हाताला एकदा लागलं की त्यांचा प्रश्न विचारण्याचा ढंगच बदलतो.

उंबरठा

माझ्या प्रश्नाचं कौतुक झालं याबद्दल आभार, पण माझी एक मनापासूनची तक्रार आहे. ही फसवणूक नाही का? "दोन माणसं नदीवर आली" असं वाचल्यावर कुणीही एकत्र आलेली माणसंच डोळ्यांसमोर आणेल. भाषा अशीच चालते. बोलताना प्रत्येक गोष्ट सांगत बसलो तर बोलणं अशक्य होईल, म्हणून ऐकणारा मधली जागा भरून घेतो. त्या सवयीचा फायदा घ्यायचा आणि वर "मी कुठे तसं म्हटलं?" असं विचारायचं, हे मला पटत नाही. मग उद्या कुणी म्हणेल नदी चित्रातली होती, माणसं स्वप्नात होती. तेही "म्हटलेलं नाही"च की.

अर्धविराम

उंबरठा यांच्याशी सहमत. अशा कोड्यांमध्ये उत्तर ऐकल्यावर दोन प्रकारची भावना येते. एकदा "अरे हो!" आणि एकदा "हे काय?" होडीचं उत्तर वाचून मला "अरे हो" वाटलं, हेही खरं. पण फरक कशामुळे पडतो ते सांगता येत नाही.

भूमितीवेडी

मला तो फरक सांगता येतो असं वाटतं. मी अशा कोड्याचं उत्तर मिळालं की मूळ मजकूर पुन्हा वाचते, उत्तर डोक्यात ठेवून. होडीच्या कोड्यात एकही वाक्य खोटं ठरत नाही, हे पहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक अट कामाची ठरते. होडीत एकच मावतो ही अट नसती तर कोडंच उरलं नसतं. तिसरं कुणी नाही हे सांगितलं नसतं तर नावाडी आणता आला असता. "आपापल्या वाटेला लागले" हे शब्दही आता नीट बसतात, आधी ते नुसते शेवटाला जोडल्यासारखे वाटत होते.

आता "सगळं स्वप्नात होतं" हे उत्तर घ्या. तेही एकही वाक्य खोटं पाडत नाही. पण ते होडीच्या कोड्याला चालतं तसं जगातल्या प्रत्येक कोड्याला चालतं. त्याला होडीची गरज नाही, नदीची नाही, कशाचीच नाही. ज्या उत्तराला कोड्यातली एकही अट लागत नाही ते त्या कोड्याचं उत्तर नव्हे. म्हणून होडीचं कोडं मला प्रामाणिक वाटतं.

उंबरठा

ही कसोटी आवडली. "एकही अट लागत नाही" हे विशेष पटलं. तक्रार अर्धी मागे घेतो. अर्धी अजून आहे, पुढे बोलू.

भूमितीवेडी

तोवर एक घ्या. एक माणूस एका जागेवरून निघाला. दक्षिणेला १ किलोमीटर चालला, मग पूर्वेला १ किलोमीटर, मग उत्तरेला १ किलोमीटर. आणि जिथून निघाला तिथेच पोचला. तो कुठून निघाला?

काजवा

हे येतं मला. उत्तर ध्रुव. तिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी दक्षिणच. १ किलोमीटर खाली उतरलं, पूर्वेला चाललं तर ध्रुवापासूनचं अंतर तेवढंच राहतं, मग उत्तरेला १ किलोमीटर की परत ध्रुव. इथे लपलेली अट म्हणजे आपण जमीन कागदासारखी सपाट धरतो आणि दिशा सगळीकडे सारख्या समजतो.

भूमितीवेडी

बरोबर. आणखी कुठून?

काजवा

आणखी?

अर्धविराम

दक्षिण ध्रुवावरून तर दक्षिणेला पाऊलच टाकता येत नाही. तिथून सगळीकडे उत्तर. म्हणजे ध्रुव एकच चालतो.

भूमितीवेडी

हेच मला दाखवायचं होतं. एक गृहीतक सापडलं, उत्तर मिळालं, आनंद झाला, आणि त्या आनंदात दुसरं गृहीतक आत शिरलं: की जागा एकच असणार. "कुठून" विचारलं म्हणजे उत्तर एकच, असं कोड्यात कुठे आहे?

काजवा

थांबा, सांगू नका. शेवटचा टप्पा उत्तरेला १ किलोमीटर, पहिला दक्षिणेला १ किलोमीटर. उत्तर ध्रुवाच्या बाबतीत जाताना आणि येताना वाट वेगळी होती. समजा वाट तीच असेल, म्हणजे ज्या रेषेने उतरलो तिनेच परत चढलो. मग मधलं १ किलोमीटर पूर्वेला चालून मी पुन्हा त्याच बिंदूवर यायला हवं. म्हणजे मला गोल फेरी पडली पाहिजे! ज्या अक्षवृत्ताचा परीघच १ किलोमीटर आहे असं एखादं वृत्त. असं वृत्त दक्षिण ध्रुवाजवळ असणार.

परीघ १ किलोमीटर तर त्रिज्या १ भागिले ६.२८, म्हणजे साधारण १५९ मीटर. ध्रुवापासून १५९ मीटरवरचं ते वृत्त, आणि निघायचं त्याच्या १ किलोमीटर उत्तरेला. म्हणजे दक्षिण ध्रुवापासून साधारण १,१५९ मीटरवरून.

भूमितीवेडी

सुरेख! आणि ध्रुवापासून त्या अंतरावर कुठूनही निघालात तरी चालतं, म्हणजे ते सगळं वर्तुळच उत्तर आहे.

सांजवेळ

मग एक किलोमीटरमध्ये दोन फेऱ्या झाल्या तर? परीघ अर्धा किलोमीटर असलेलं वृत्त. तिथेही आपण त्याच बिंदूवर येऊ.

भूमितीवेडी

येऊ. ते वृत्त ध्रुवापासून साधारण ८० मीटरवर, म्हणजे निघायची जागा १,०८० मीटरवर. तीन फेऱ्यांसाठी साधारण ५३ मीटर, चार फेऱ्यांसाठी ४०. असं करत करत वर्तुळं १ किलोमीटरच्या अंतराकडे सरकत राहतात आणि संपतच नाहीत. उत्तरं अगणित आहेत.

अर्धविराम

पण १ किलोमीटर परिघाचं वृत्त उत्तर ध्रुवाजवळही आहेच की. तिथे का नाही चालत?

काजवा

कारण तिथे पोचायला दक्षिणेला १ किलोमीटर चालत यावं लागेल, आणि त्या वृत्ताच्या उत्तरेला ध्रुव फक्त १५९ मीटरवर आहे. १ किलोमीटर उत्तरेची जागाच अस्तित्वात नाही.

उंबरठा

हे कोडं मी अस्वलासकट ऐकलं होतं. शेवटी त्या माणसाला अस्वल दिसतं आणि विचारतात अस्वलाचा रंग कोणता. पांढरा. पण आता उत्तरं अगणित झाली, मग अस्वलाचं काय?

भूमितीवेडी

अस्वल वाचतं. अंटार्क्टिकात अस्वलं नाहीत, त्यामुळे दक्षिणेकडची सगळी वर्तुळं बाद होतात आणि उत्तर ध्रुवच उरतो. निरर्थक वाटणारा तो प्राणी कोड्याचं उत्तर पुन्हा एकावर आणून ठेवतो. ज्याने कुणी अस्वल घातलं त्याला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण मला ती जागा फार आवडते.

खडूफळा

गृहीतक सापडलं की कोडं सुटलं असा समज इथे होऊ नये म्हणून एक उलटं उदाहरण देतो. नऊ ठिपके, तीन ओळींत तीन-तीन. पेन न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडायचे. सॅम लॉइडच्या १९१४ सालच्या कोड्यांच्या संग्रहात हे आहे. लपलेली अट म्हणजे ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर रेघ न्यायची नाही असं आपण धरून चालतो.

१९८१ मध्ये रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा यांनी लोकांना हे आधीच सांगून टाकलं की रेघ चौकोनाबाहेर न्यावी लागेल. तरीही बहुतेकांना ते जमलं नाही. माझ्या वर्गातही हेच दिसतं. "बाहेर जा" म्हटलं की मुलं बाहेर जातात आणि तिथे हरवतात.

होडीच्या कोड्यात अट गळून पडली की उत्तर आपोआप समोर उभं राहतं, कारण काठ दोनच आहेत. नऊ ठिपक्यांत अट गळली की अख्खा कागद मोकळा होतो. रेघ कुठल्या दिशेने, किती लांब न्यायची, कुठे वळायचं, हे सगळं काम पुढेच आहे.

ज्यांना हवं त्यांच्यासाठी: ठिपक्यांना ओळीने १ ते ९ क्रमांक द्या. १ वरून निघून २, ३ मधून एक घर उजवीकडे बाहेर जा. तिथून तिरकं खाली डावीकडे ६ आणि ८ मधून जात ७ च्या एक घर खाली पोचा. मग सरळ वर ७, ४, १. शेवटची तिरकी रेघ १, ५, ९.

काजवा

ठिपके म्हणजे अगदी बिंदू नसून खरोखरचे गोल टिपके असतील तर तीन रेघांतही होतं. रेघ ठिपक्याच्या मधोमध जायलाच हवी असं कुठे म्हटलंय? पहिल्या ओळीतून जराशी तिरकी, खूप लांब नेऊन वळवायची, दुसऱ्या ओळीतून परत, मग तिसरीतून. कागद मात्र बराच मोठा लागेल.

खडूफळा

छान. हे मी उद्या वर्गात देतो.

उंबरठा

आता माझी उरलेली अर्धी तक्रार. आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत सोडवणाऱ्याने काहीतरी जास्तीचं मनात धरलं आणि ते सोडायचं होतं. पण कित्येकदा कोडं घालणाराच एखादी गोष्ट धरून चालतो आणि सांगत नाही. तेव्हा दोष सोडवणाऱ्याला का?

तीन दारांचं कोडं घ्या. एका दारामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रसंचालक उरलेल्या दोनांपैकी एक उघडतो, मागे बकरी. आता दार बदलायचं का? स्टीव्ह सेल्विन यांनी हे १९७५ मध्ये मांडलं आणि १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सावंत यांच्या सदरातून ते गाजलं. त्यांचं उत्तर होतं की बदलावं, जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. त्यांना चुकीचं ठरवणारी हजारो पत्रं आली, त्यात गणितातली शिकलेली माणसंही होती.

सांजवेळ

पण त्यांचं उत्तर बरोबरच आहे ना? तुमचं पहिलं दार चुकीचं असण्याची शक्यता दोन तृतीयांश, आणि तेव्हा बदललं की मोटार नक्की.

उंबरठा

बरोबर आहे, पण तेव्हाच, जेव्हा सूत्रसंचालकाला मोटार कुठे आहे ते माहीत आहे आणि तो दर वेळी मुद्दाम बकरीचंच दार उघडतो. तो आंधळेपणाने दार उघडत असेल आणि योगायोगाने बकरी निघाली असेल तर हिशेब बदलतो. तुमचं दार बरोबर असण्याची शक्यता एक तृतीयांश. चूक असण्याची दोन तृतीयांश, पण त्यातल्या निम्म्या वेळा त्याच्या हातून मोटारच उघडली गेली असती, म्हणजे बकरी दिसण्याचा वाटाही एक तृतीयांशच. दोन्ही बाजू समसमान. बदला किंवा नका बदलू. आणि तुम्ही मोटारीचं दार निवडलं असेल तेव्हाच तो दुसरं दार उघडण्याची संधी देत असेल, तर बदलणारा दर वेळी हरेल!

दारं तीच, दिसलेली बकरी तीच, आणि उत्तरं तीन. सूत्रसंचालक कसा वागतो हे सांगणं कोडं घालणाऱ्याचं काम आहे. सोडवणाऱ्याने ते मनाने ओळखावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पाऊलवाट

उंबरठा, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा. होडीच्या कोड्यात गृहीतक काढून टाकल्यावर उत्तर मिळतं. तीन दारांत ते घातल्याशिवाय उत्तरच मिळत नाही. दोन्हींना "लपलेली अट" म्हणतात, पण जबाबदारी वेगवेगळ्या माणसांवर पडते. यापुढे मी कुणाला कोडं घालताना आधी स्वतःला विचारीन की माझी अट न लिहिता उत्तर ठरतं का.

अर्धविराम

याच दोन्ही प्रकारांत मोडणारं एक आहे. बंद खोलीत दिवा, बाहेर तीन बटणं, त्यातलं एकच त्या दिव्याचं. बटणांशी हवं ते करा, पण खोलीत एकदाच जायचं, आणि आत गेल्यावर बटणांना हात लावायचा नाही. कोणतं बटण दिव्याचं?

सांजवेळ

पहिलं बटण काही मिनिटं चालू ठेवायचं, बंद करायचं. दुसरं चालू करून लगेच आत. दिवा पेटलेला असेल तर दुसरं. विझलेला आणि गरम असेल तर पहिलं. विझलेला आणि थंड असेल तर तिसरं. दिवा फक्त डोळ्यांनीच बघायचा असतो हे आपण धरून चालतो, ते सोडायचं.

काजवा

पण हे तारेच्या जुन्या दिव्याला धरून रचलेलं कोडं आहे. तो बहुतेक विजेची उष्णताच करतो. आता घरोघरी एलईडी. तो कुठे गरम होतो? म्हणजे कोडं घालणाऱ्याची अट काळाने खोटी पाडली.

भूमितीवेडी

एलईडीही गरम होतो, फक्त वेगळ्या जागी. त्याच्या पुढच्या पांढऱ्या गोळ्याला हात लावाल तर फारसं कळणार नाही, उष्णता आतल्या विद्युत भागांतून मागच्या बुडाकडे जाते. म्हणून पहिलं बटण दोन-चार मिनिटांऐवजी चांगला अर्धा तास चालू ठेवायचं, बंद केल्यावर वेळ न घालवता आत जायचं, आणि हात गोळ्याला न लावता बुडाशी लावायचा.